'बटण'च्या दिवाळी अंकातली दोन पानं

नरेश गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही. रविवारची सकाळ, ठाण्याच्या घरात पोह्यांना वाफ येत होती, आणि कुठल्यातरी ग्रुपवर कुणीतरी एक पोस्ट पुढे ढकलली. वर एका पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो. खाली मजकूर असा, की मराठीत व्हिडिओ गेमवरचं बहुधा पहिलंच मासिक काढणारे, आणि परदेशी मासिकानं एप्रिल फूल म्हणून छापलेली थाप खरी समजून थेट दिवाळी अंकात छापणारे, 'बटण'चे संपादक नरेश पाटील यांचं तीन दिवसांपूर्वी निधन झालं. 'संपादकांचं इंग्रजी बेताचं होतं, पण त्यांनी आपल्याला खूप हसवलं. श्रद्धांजली!' त्याखाली दोनचार जोडलेले हात, आणि बाकी सगळी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारी पिवळी तोंडं. शी! माणूस जाऊन तीन दिवस झालेत आणि हे दात काढतायत! मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याशी उभी राहिले. पोहे तसेच कढईत राहिले.

नरेशला एक मुलगी आहे, प्राची. पेणला कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिच्याही मोबाईलवर ही पोस्ट पोचली असणार. बापाचं सुतक चालू असताना त्या पोरीनं बापावर हसणारी तोंडं बघायची, हे तिच्या ताटात कुणी वाढलं? तेवढं सांगायला मी बसले आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी मला 'त्या एप्रिल फूलवर काहीतरी हलकंफुलकं' लिहायला सांगितलंय. ते मला जमणार नाही, त्यांनी राग मानू नये.

आमचा छापखाना अलिबागला होता, बाजारपेठेमागच्या गल्लीत. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कबड्डीच्या सामन्यांची हँडबिलं, एवढ्यावर घर चालायचं. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं आणि उरलेल्या वेळात खिळे जुळवायची, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी बांधायची. नरेश खाडीकाठच्या खारेपाटातला, बाप मिठागरावर. कॉलेजला रोज एसटीनं यायचा आणि लेक्चरं बुडवून स्टँडजवळच्या गेम पार्लरमध्ये बसायचा. एक दिवस हा आमच्या दारात उभा. आप्पांना म्हणाला, "मासिक काढायचंय. टीव्ही गेमवर." आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "त्यात वाचण्यासारखं काय असतं रे?" त्यावर हा जो बोलत सुटला तो पाऊण तास. शेवटी आप्पा म्हणाले, "बाबा, छापतो, पण तू थांब."

त्याच्या डोक्यात हे खूळ भरलं दाऊदभाईंमुळे. मुरूडचे दाऊदभाई बोटीवर होते, नरेशच्या एका मित्राचे मामा. सुट्टीवर येताना ते बंदराबंदरातून रद्दीच्या भावात मिळणारी परदेशी मासिकं घेऊन यायचे. न खपलेली, म्हणून विक्रेत्यांनी कव्हर फाडून टाकलेली. त्यामुळे अंक कुठल्या महिन्याचा ते कळायला मार्ग नसायचा. आज ही मासिकं लोक काचेच्या कपाटात ठेवतात म्हणे. तेव्हा ती आमच्या कागदाच्या रिमांवर पडलेली असायची आणि नरेश मांडीवर शब्दकोश घेऊन त्यांचा फडशा पाडायचा. सुरुवातीला या मासिकांत कशा नुसत्या कंपन्यांच्या जाहिराती असायच्या, मग वाचकांनी पाठवलेल्या युक्त्या आल्या, मग अख्ख्या खेळांचे नकाशे, मग शंभरपैकी गुण देणारी परीक्षणं... हे सगळं त्या कव्हर नसलेल्या अंकांवरून त्यानं स्वतःचं स्वतः लावलं होतं. कोण मनापासून लिहितो आणि कोण कंपनीची हांजी हांजी करतो, तेही तो ओळखायचा. "हा बघ लबाड," म्हणायचा, "फोटो सगळे पहिल्याच मजल्याचे. यानं पुढं खेळलेलंच नाहीये." म्हणून 'बटण'चा एकच नियम होता. आपण स्वतः करून बघितल्याशिवाय एक ओळ छापायची नाही.

नकाशांचा मोठा घोळ होता. पडद्याचा फोटो काढला तर मधे काळा पट्टा यायचा, आणि चित्राचे ब्लॉक, म्हणजे धातूचे ठसे, मुंबईहून करून आणणं परवडणारं नव्हतं. मग नरेशला आमचा लग्नपत्रिकांच्या नक्षीचा खण सापडला. कोयऱ्या, कलश, कमळं, वेलबुट्टीचे तुकडे. त्यानं खेळ थांबवून पडद्यावरचे चौकोन आलेखाच्या वहीत उतरवले आणि मी त्या वहीवरून नक्षीचे खिळे मांडत गेले. भिंत म्हणजे वेलबुट्टी, शत्रू म्हणजे कोयरी, खजिना म्हणजे कलश, जादा जीव म्हणजे कमळ. किल्ल्याच्या शेवटच्या मजल्यावरच्या राक्षसासाठी काही मोठं हवं होतं, तर यानं खणातला गणपती उचलला. आप्पा जे उसळले! "माझ्या छापखान्यात गणपती राक्षस म्हणून बसणार नाही!" दोन दिवस काम बंद. शेवटी राक्षसाच्या जागी सनई-चौघडा बसला आणि आप्पांचा राग उतरला. हसू येतंय ना? येऊ दे. पण तळ्याची, माणगावची, श्रीवर्धनची पोरं त्या पानावर पेन्सिलीनं वाट आखत शेवटपर्यंत पोचायची आणि पोस्टकार्डं टाकायची. नकाशा चुकला, असं एकही कार्ड कधी आलं नाही.

आता दिवाळी अंकाचं सांगते. अंक जवळजवळ बांधून झाला होता. मधली दोन पानं एका नव्या किल्ल्याच्या नकाशासाठी ठेवलेली, आणि नेमकी तेव्हाच आश्विनातल्या उधाणाला नरेशच्या गावच्या बांधाला खांड पडली. बांध फुटून खाडीचं पाणी उभ्या भातात शिरलं. अशा वेळी घरटी एक माणूस चिखलात उतरलाच पाहिजे, तिथे परीक्षा आणि मासिकं चालत नाहीत. वडिलांना दमा, म्हणून नरेश गेला. एसटीच्या कंडक्टरजवळ त्यानं माझ्यासाठी चिठ्ठी दिली, 'शेवटचा मजला अजून माझ्याकडून झालेला नाही. दोन पानं कोरी सोड. नकाशा पुढच्या अंकी असं लिही.'

कोरी पानं! दिवाळी अंकात! मला हसू आलं आणि रागही आला. सहा महिने मी त्याचं अक्षर न् अक्षर जुळवत होते, आणि माझं स्वतःचं त्यात काय होतं? मला तो खेळ तिसऱ्या मजल्यापुढे कधी जमला नाही, नरेश त्यावरून माझी टर उडवायचा. पण इंग्रजी माझं होतं. कॉलेजात माझे निबंध वाचून दाखवायचे. मी दाऊदभाईंच्या गठ्ठ्यातला सगळ्यात शेवटी आलेला अंक उचलला आणि त्यात मला घबाड सापडलं. त्याच किल्ल्याच्या खेळातलं एक गुपित. शेवटच्या दारापाशी पोचायचं आणि एकही गोळी न झाडता, कुठलंही बटण न दाबता, एक तास नुसतं उभं राहायचं. मग राजा स्वतः दार उघडतो आणि तुम्हाला सिंहासनावर बसवतो. केवढं सुंदर वाटलं मला ते! एका बैठकीत मराठी करून मी ते जुळवलं. नाव घातलं नाही. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि टीव्ही गेमच्या मासिकात मुलीचं नाव आप्पांनी खपवून घेतलं नसतं. आणि 'बटण'मध्ये ज्याच्याखाली नाव नाही तो लेख संपादकाचा, हे सगळ्या वाचकांना माहीत होतं.

होय. तो लेख माझा. नरेशनं त्यातला एक शब्दही लिहिलेला नाही. अंक बाजारात गेला तेव्हा तो गुडघाभर चिखलात उभा राहून बांधावर दगड टाकत होता.

तो आला तेव्हा हातांना भेगा पडलेल्या. त्यानं ती पानं वाचली आणि एकच विचारलं, "तू केलंस हे?" मी म्हटलं, "नाही... पण त्यांनी छापलंय ना." तो तसाच उठला. पार्लरमध्ये जाऊन शेवटच्या दारापर्यंत पोचला आणि तासभर हात मांडीवर ठेवून बसला. असं तीनदा केलं. पार्लरवाल्यानं शेवटी त्याला हाकललं. परत येऊन मलाच समजावतो कसा, "आपली कॅसेट नकली असेल गं, म्हणून होत नसेल." माझ्यावर त्याचा एवढा विश्वास! दिवाळीची सुट्टी संपली आणि कार्डं यायला लागली. शिव्यांची कार्डं मी विसरले. तळ्याच्या दोन भावांचं एक कार्ड मात्र जात नाही डोक्यातून. 'आम्ही सुट्टीभर रोज उभे राहिलो. राजा आला नाही. तुम्ही खोटे लिहीत नाही, तेव्हा आमचेच काही चुकत असेल. कृपया कळवावे.'

डिसेंबरात दाऊदभाई पुढचे अंक घेऊन आले. नरेशनं ते शब्दकोश घेऊन वाचले आणि एक पान माझ्यापुढे ठेवलं. त्या मासिकाचा संपादक लिहीत होता, की गेल्या महिन्याच्या म्हणजे एप्रिलच्या अंकात आम्ही दरवर्षीप्रमाणे एक थाप घुसवली होती, आणि किती भाबडे लोक तास तास दारात उभे राहिले ते वाचा. नरेशनं 'एप्रिल' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. थाप त्याला कळली. मला, इंग्रजीत पहिली येणाऱ्या मुलीला, कळली नव्हती.

त्यानं तिथेच बसून माफी लिहिली. 'दिवाळी अंकातला तो मजकूर मी न तपासता छापला. चूक सर्वस्वी माझी आहे. नरेश पाटील.' तेव्हा मी 'अरे, माझं नाव घाल' असं म्हणाले होते, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. खरं सांगायचं तर मी म्हणाले नाही. त्या आठवड्यात ठाण्याची मंडळी मला बघायला येणार होती. त्यानं कागद पुढे केला, मी घेतला आणि त्याच्या नावाची सहा अक्षरं खणातून एकेक उचलून या हातांनी जुळवली. तो 'बटण'चा शेवटचा अंक. थापाड्या मासिकाला स्टॉलवर कोण उभं करणार?

मी ठाण्याला आले, शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. तो मिठागरावर राहिला, मिठागरं गेली तसा बंदराकडच्या कंटेनर यार्डात लागला. दिवसभर उन्हात डब्यांवरचे नंबर उतरवून घ्यायचे. वीस वर्षं केलं त्यानं ते. तिथेच छातीत कळ आली आणि संपलं. मला त्याचाही राग येतो, स्पष्ट सांगते. कसला हा मोठेपणा! मला एकदा तोंडावर चार शिव्या घातल्या असत्या तर मी रडले असते, भांडले असते आणि मोकळी झाले असते. तसं काही त्यानं केलं नाही. कधी ठाण्यात कामाला आला तर घरी यायचा, खाडीची कोलंबी घेऊन यायचा, आणि माझ्या नवऱ्यापुढे म्हणायचा, "मंदा नसती तर मासिक निघालंच नसतं."

आणि आता सगळ्यात वाईट. गेल्या वर्षी मला एका तरुण मुलाचा फोन आला. जुन्या गेम मासिकांचा इतिहास गोळा करत होता. फार अदबीनं बोलत होता, मॅडम मॅडम करत. कुणी मला तीस वर्षांत त्याबद्दल विचारलं नव्हतं, मी खुलले. नक्षीच्या खिळ्यांचं सांगितलं, गणपतीचं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "आणि तो एप्रिल फूलचा लेख कसा काय छापला गेला?" क्षणभरच थांबले असेन मी... आणि हसून म्हणाले, "अहो, नरेशचं इंग्रजी जरा बेताचंच होतं."

ते वाक्य माझं आहे. पोस्टमध्ये होतं ते, फक्त 'नरेश'च्या जागी 'संपादक'. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्यानं ऐकलं ते लिहिलं. चुलीत जावो माझं ते खुलणं! मला कुणी विचारलं नसतं तरी चाललं असतं, पण विचारलं, आणि चांगलं दिसायची माझी हौस या वयातही फिटलेली नव्हती. त्याचा लेख आला, लोकांनी तो वाटला, हसले. दोन दिवसांनी नरेशचा फोन. "वाचलं गं. तुझं नाव आलंय, बरं वाटलं." मी म्हटलं, "नरेश, ते इंग्रजीचं मी..." तर म्हणतो, "सोड ते. पोरीची परीक्षा आहे, जरा तिला फोनवर व्याकरण सांगशील का?" मी हो म्हटलं. तेही मी केलं नाही.

दहाव्याला मी गेले होते. खाडीकाठी विधी उरकल्यावर मंडळी मांडवात बसली, आणि त्याच्या यार्डातल्या कुणीतरी मोबाईल काढून तो किस्सा मोठ्यानं वाचला. मंडळी हसली, वाईट हेतूनं नाही, माणसं अशा वेळी हसायला काहीतरी शोधतातच. नरेशची बायको निर्मला माझ्या समोरच बसली होती. प्राची उठून घरात गेली. मी हातातल्या चहाच्या पेल्याकडे बघत राहिले.

हा लेख पाठवण्याआधी मी परवा पुन्हा त्यांच्याकडे गेले. निर्मलानं पाट दिला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला म्हायती हाय. लगनाच्या पयल्याच वर्षी त्यांनी सांगितलंन." मी विचारलं, "मग त्या दिवशी मांडवात तुम्ही का बोलला नाहीत?" ती म्हणाली, "मला त्यांनी शपथ घातलेली. पन तुमाला कुनी घातलेली? मी तुमच्या तोंडाकडं बगत होते ना. म्हटलं आता बोलतील, आता बोलतील..." पदरानं तिनं तोंड पुसलं. "प्राचीला यातलं काय बी ठाव न्हाय. तिच्या मैत्रिनींनी वाचलं गेल्या वर्षी. तवापासनं तिनं बापाला कॉलेजात एक दिस येऊ दिलं न्हाय. तिला तुमीच सांगा. मी न्हाय सांगनार."

प्राची चारला आली. पाठीवर सॅक, बापासारखीच रुंद कपाळाची. मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, ते इंग्रजीचं वाक्यसुद्धा. खिडकीशी नरेशची प्लास्टिकची खुर्ची होती. एका हाताला चीर गेलेली, ती त्यानं तारेनं आवळून बांधली होती. तो गेल्यापासून तीत कुणी बसलेलं नव्हतं, वर इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवली होती. प्राचीनं कपडे उचलून पलंगावर ठेवले आणि ती त्या खुर्चीत बसली. बराच वेळ ती त्या तारेवरून अंगठा फिरवत होती.

"मी त्यांना विचारलं होतं," ती म्हणाली. "इथेच बसले होते. मी म्हटलं, पप्पा, इंग्रजी येत नव्हतं तर मासिक कशाला काढलंत? माझी लाज काढायला? तर नुसते हसले... मला वाटलं, लाज वाटतेय म्हणून हसतायत."

मी म्हटलं, "प्राची, मी हे सगळं छापणार आहे. माझ्या नावानिशी."

"छापा ना," ती म्हणाली. "कोण वाचणार आहे आता? पप्पा वाचणार?"

मग माझ्याकडे न बघता, अगदी सरळ आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही जा आता."

मी उठले, पडवीत येऊन चपला घातल्या. निर्मला मोरीशी भांडी घासत होती, तिनं वर बघितलं नाही. मी थोडी थांबले. आतून खुर्ची हलल्याचा आवाज आला नाही.